परिच्छेद पुन्हा पुन्हा भरकटतो? आधी ‘तसेच’ आणि ‘यामुळे’ तपासा

तक्रार नेहमीचीच आहे. उत्तर लिहिलं, मुद्दे सगळे आले, शुद्धलेखनही ठीक, तरी शेरा काय तर ‘मुद्देसूद नाही’, ‘विस्कळीत’, नाहीतर नुसतीच बाजूला लाल रेघ. मग पोट्टा काय करतो, घरी जाऊन भाषा सुधारतो, दोन जड शब्द टाकतो, सुरुवातीला एखादा सुविचार चिकटवतो आणि पुढच्या वेळेस पुन्हा तोच शेरा घेऊन येतो. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी पोरापोरींच्या वह्या वाचत असतो, त्यावरून सांगून रायलो, बिघाड बहुतेक वेळा भाषेत नसतोच. हा परिच्छेद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे हे लिहायच्या आधी ठरलेलं नसतं, तिथे गाडी अडते. आणि ते ठरलं नव्हतं याची खूण दोन-तीन शब्दांत हमखास सापडते, म्हणून शोधायला सोपं आहे.

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली तेव्हापासून हे दुखणं फारच वर आलंय. आधी सामान्य अध्ययनाला चार पर्यायांतला एक गोळा काळा करायचा, काम झालं. आता लेखीचे १७५० गुण हाताने लिहून मिळवायचे, त्यात निबंधाचाच पेपर २५० चा. वर्षानुवर्षं एका ओळीची टिपणं पाठ केलेल्या पोरांना अचानक सलग लिहा म्हटलं की ते काय करतात, तीच एका ओळीची टिपणं एकाखाली एक लिहायच्या ऐवजी एकापुढे एक लिहितात आणि त्याला परिच्छेद म्हणतात. दिसतो तसाच, पण वाचताना दर वाक्याला धक्का बसतो.

एक नमुना बघू. प्रश्न होता, ‘खारपाण पट्ट्यातील सिंचनाच्या मर्यादा स्पष्ट करा.’ खारपाण पट्टा म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे तो भाग. विषय आमच्या घरचा, लिहिणारा इथलाच, तरी उत्तर साधारण असं आलं:

“खारपाण पट्टा हा विदर्भातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. हा पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. तसेच येथील शेतकरी कापूस, तूर, मूग व हरभरा ही पिके घेतात. पूर्णा ही तापीची उपनदी आहे. यामुळे शेतकऱ्यांना अनेक समस्यांना सामोरे जावे लागते. तसेच पिण्याच्या पाण्याचा प्रश्नही गंभीर आहे. शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू केली. जमीन काळी व भारी आहे. त्यामुळे सिंचन करता येत नाही. शेतकरी हा देशाचा कणा आहे.”

आता यात खोटं काही आहे का? एक वाक्य सोडलं तर नाही, आणि त्या एकाकडे येतोच आहे. व्याकरण बरोबर, माहिती बरोबर, साल बरोबर. तरी वाचून झाल्यावर विचारा की बाप्पा, विहीर असून ओलीत, म्हणजे सिंचन, का होत नाही, तर उत्तर मिळत नाही.

पहिली तपासणी ‘तसेच’ची. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘याशिवाय’ खाली रेघ मारा. हे शब्द दाभणाने पोतं शिवावं तसे कशालाही काहीही शिवून देतात, कापड जुळतंय का ते बघत नाहीत. जिल्हे सांगून झाले, ‘तसेच’ पिकं. समस्या सांगून झाल्या, ‘तसेच’ पिण्याचं पाणी. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारायचं, की ‘तसेच’च्या अलीकडचं आणि पलीकडचं वाक्य एकाच प्रश्नाचं उत्तर आहे का. ‘खाऱ्या पाण्याने माती बिघडते, तसेच उगवणही कमी होते’ हे चालतं, दोन्ही खाऱ्या पाण्याचे परिणाम आहेत. पण जिल्हे आणि पिकं? एक ‘कुठे’चं उत्तर, एक ‘काय’चं. तिथे वाक्य जोडायचं नसतं, दुसरीकडे हलवायचं असतं. काही शिकवणारे म्हणतात ‘तसेच’ वापरूच नका, ते मला पटत नाही, शब्दाचा काय दोष. तो फक्त दाखवतो की इथे शिवण आहे.

दुसरी तपासणी जास्त कामाची आहे आणि जास्त टोचणारी. ‘यामुळे’, ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘परिणामी’ दिसलं की मोठ्याने विचारा, कशामुळे? वरच्या उताऱ्यात ‘यामुळे’च्या आधीचं वाक्य काय आहे, तर पूर्णा ही तापीची उपनदी आहे. म्हणजे पूर्णा तापीला मिळते म्हणून शेतकऱ्यांना समस्या? मिळाली नसती तर सुखी असते का सगळे? लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘यामुळे’ म्हणजे ‘हे जे काही सगळं आहे त्यामुळे’ असं होतं, पण कागदावर ते शेवटच्या वाक्यालाच जाऊन चिकटतं. बोलताना हे खपतं, कारण समोरचा माणूस तोंडाकडे बघून समजून घेतो. तपासणाऱ्याला तुमचं तोंड दिसत नाही.

आणि आता ते एक वाक्य. “जमीन काळी व भारी आहे. त्यामुळे सिंचन करता येत नाही.” कशामुळे? काळी जमीन तर नागपूर, वर्धा, यवतमाळ सगळीकडे आहे आणि तिथे विहिरीवर ओलीत होतेच ना. म्हणजे काळी जमीन हे कारण पुरं पडत नाही, मधली कडी गायब आहे. आणि ती कडी लिहायची राहिली असं नाही, ती माहीतच नव्हती. ‘त्यामुळे’ने ते भोक झाकलं. म्हणून मी म्हणतो की परिच्छेद नीट लावायला बसलं की आपल्याला विषय किती कळलाय ते बाहेर येतं, आणि भाषा सुधारून हे दुखणं जात नाही याचं कारणही तेच. कडी मिळवायची तर मातीचं पुस्तक उघडावं लागते, शब्दकोश नाही.

ती कडी मिळाल्यावर त्याच पोराने पुन्हा लिहिलं, मी इकडेतिकडे हात लावला, ते असं झालं:

“खारपाण पट्ट्यात सिंचनाची खरी अडचण पाण्याच्या कमतरतेपेक्षा पाण्याच्या गुणवत्तेची आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील या सुमारे ४.७ लाख हेक्टर क्षेत्रात भूगर्भातील पाणी खारट असून त्यात सोडियमचे प्रमाण जास्त असते. हे पाणी इथल्या खोल काळ्या जमिनीला दिले की सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीतील बारीक छिद्रे बुजतात. छिद्रे बुजली की पाणी खाली झिरपत नाही. ते वरच्या थरातच राहून बाष्प होते आणि क्षार मागे उरतात. दरवर्षी असे क्षार साचत गेले तर जमीनच नापीक होण्याचा धोका असतो. म्हणून विहिरीला पाणी असूनही शेतकरी ते पिकाला देण्याचे टाळतो आणि पावसाच्या ओलीवर कापूस, तूर, मूग आणि रब्बीत हरभरा घेतो. शेततळ्यावर इथे भर दिला जातो तो याच कारणाने, कारण त्यात साठते ते पावसाचे गोडे पाणी.”

काय बदललं ते बघा. जिल्ह्यांची यादी गेली, तो नकाशाचा मुद्दा होता. पिण्याचं पाणी गेलं, कारण त्याला त्याचा स्वतःचा परिच्छेद पाहिजे, प्रश्नात मागितलं असेल तर. तापीची उपनदी गेली. देशाचा कणा गेला, त्याचं कोणाला दुःख झालं नाही. पिकं मात्र राहिली, पण आता ती यादी म्हणून नाही आली, खारं पाणी देता येत नाही म्हणून ही पिकं, अशी आली. शेततळंही राहिलं, तेही कारणासकट. एकच माहिती एका जागी कचरा आणि दुसऱ्या जागी पुरावा होते, फरक फक्त ती कोणत्या प्रश्नाला बांधली आहे याचा.

अजून एक गोष्ट आहे ती पटकन दिसत नाही. ‘...त्यात सोडियमचे प्रमाण जास्त असते’ असं एक वाक्य संपलं आणि पुढचं ‘हे पाणी...’ने उचललं. ‘छिद्रे बुजतात’ने संपलं, पुढचं ‘छिद्रे बुजली की’ने सुरू झालं. मराठीत क्रियापद शेवटी असतं, त्यामुळे वाक्यातली नवी गोष्ट क्रियापदाला टेकून, म्हणजे शेवटाकडे बसते. तीच गोष्ट पुढच्या वाक्याच्या तोंडाला आणली की वाचणाऱ्याचा हात सुटत नाही. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाया गोष्ट सांगताना हे न शिकता करतात, ‘गेला तो विहिरीवर, विहिरीवर पाहते तं काय’, असं. लिहिताना मात्र आपण ‘पुनरुक्ती टाळा’ हे शाळेतलं वाक्य आठवून तोच शब्द पुन्हा लिहायला घाबरतो आणि दर वाक्यात पाण्याला जल, नीर, स्रोत असं नवं नाव देतो. मग वाचणाऱ्याला वाटते ह्या तीन वेगळ्या वस्तू आहेत. शब्द पुन्हा येऊ द्या. एकाच वस्तूला एकच नाव ठेवा.

आता नेहमी विचारला जाणारा प्रश्न, मुख्य वाक्य पहिलंच पाहिजे का? हा नियम आला इंग्रजीच्या वर्गातून. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला शिकवणारे अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये परिच्छेदाचे नियम मांडले, त्यात सुरुवातीच्या वाक्याने विषय दाखवावा असं होतं, आणि तेव्हापासून ते शाळाशाळांत पसरलं. पुढे १९७४ मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक या अमेरिकन अभ्यासकाने मासिकांत छापून आलेले लेख तपासले, तर मुख्य वाक्याने सुरू होणारे परिच्छेद शंभरात तेराच्या आसपासच निघाले. म्हणजे नावाजलेले लिहिणारे हा नियम काही फार पाळत नाहीत. माझं मत विचाराल तर परीक्षेत आणि अर्जात पहिलंच ठेवा, कारण तिथला वाचणारा घाईत आहे, त्याच्यापुढे गठ्ठा आहे. गावच्या यात्रेवर लेख लिहायचा असेल तर शेवटी ठेवा, मधे ठेवा, नाही ठेवलं तरी चालेल, फक्त तुमच्या स्वतःच्या डोक्यात ते असलं पाहिजे.

तसं बघितलं तर आपल्याकडे मोडी लिपीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग तिला अक्षरं टांगत, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत, आणि विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीनंतर. म्हणून परिच्छेद जमत नाही याची कोणी लाज वाटून घेऊ नका, पण हे कारण पेपर तपासणाऱ्याला सांगता येत नाही.

परीक्षेचं सोडा, गावात याचा खरा फटका बसतो तो अर्जात. पांदण रस्त्याचे, म्हणजे शेतात जायच्या वाटेचे, अर्ज लिहून घ्यायला लोक अभ्यासिकेतच येतात, कारण तिथे लिहिणारी पोरं बसलेली असतात. आणलेला कच्चा अर्ज साधारण असा असतो, ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की’ने सुरुवात आणि मग पान संपेपर्यंत एकच वाक्य. सदर शेत, सदर इसम, सदर धुरा (म्हणजे बांध), सदर रस्ता, आणि चौथ्या ‘सदर’पर्यंत कोणता सदर कोणाचा हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. पण त्यातला सगळ्यात मोठा घोळ ‘सदर’चा नाही. घोळ हा की एकाच परिच्छेदात दोन मागण्या मिसळलेल्या असतात: आम्हाला शेतात जायला रस्ता नाही, आणि आमचा रस्ता शेजाऱ्याने अडवला.

ऐकायला एकच वाटते, कायद्यात दोन वेगळ्या वाटा आहेत. रस्ताच नसेल आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. वहिवाटीचा रस्ता होता आणि कोणी काट्या टाकून, नांगरून अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. दोन्ही तहसीलदाराकडेच जातात, पण पहिल्यात तो बघतो की रस्त्याची खरंच गरज आहे का, दुसरीकडून जायला वाट आहे का, आणि दुसऱ्यात अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावं लागते. म्हणजे ज्या अर्जात ‘रस्ता नाही’ आणि ‘रस्ता अडवला’ दोन्ही एकाच दमात लिहिलंय तो स्वतःच स्वतःला खोडून काढतो, रस्ता नव्हता तर अडवलं काय? समोरच्याचा वकील हेच वाक्य उचलेल.

म्हणून अर्ज हातात आला की आधी कागद बाजूला ठेवून बोलायचं. काकाजी, आधी बैलबंडी जात होती का तिथून? जात होती ना, माह्या आज्यापासून जात होती. मग कधी अडवली? पोळ्याच्या आठ दिवस आधी. झालं, पहिला परिच्छेद सापडला. कोणता गट, कुठून कुठपर्यंतचा रस्ता, कोणत्या तारखेला कोणी कसा अडवला आणि तो मोकळा करून द्यावा, एवढंच, चार वाक्यं. पोळ्याच्या आधी असं नाही लिहायचं, कॅलेंडर काढून तारीख लिहायची, सहा महिने तिच्यापासूनच मोजले जातात. आज्यापासूनची वहिवाट दुसऱ्या परिच्छेदात, कारण ती पुरावा आहे, नकाशा आणि आजूबाजूच्या कास्तकारांची नावं तिथेच. पेरणी तोंडावर आहे, सोयाबीन घरी आणायचं कसं, हे तिसऱ्यात. काकाजी इथे नाराज होतात, “अन् त्यानं माह्या धुऱ्याचं झाड तोडलं ते काहून नाही टाकलं?” तर ते खरं आहे, राग बरोबर आहे, पण ते झाड वेगळ्या अर्जात. ह्या अर्जात टाकलं की साहेब वाचताना समजतो हे जुनं भांडण आहे आणि रस्ता बाजूला पडतो. मागणी मात्र कधीच शेवटच्या ओळीत ढकलू नका, आपल्याकडे ‘तरी साहेबांनी’ने शेवटी मागणी करायची सवय आहे, ती राहू द्या पाहिजे तर, पण वर एकदा येऊन गेली पाहिजे.

उलट बिघाडही असतो, तोही सांगतो. काही जण दर वाक्याला नवीन परिच्छेद करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून वाचून डोळ्याला तीच सवय झाली आहे, एक ओळ, मोकळी जागा, एक ओळ. तिथे दुरुस्ती वेगळी: वाक्यं तीच ठेवा, फक्त दोन वाक्यांच्या मधे ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘उलट’ यातला कोणता शब्द बसतो ते बघा. बसला की जोडा. एकही बसत नसेल तर ती दोन वाक्यं शेजारी नकोतच. लांबीचं फार मनावर घेऊ नका, परीक्षेच्या उत्तरात पाच ते सात वाक्यांत एक गोष्ट बहुतेक सांगून होते. आठवं वाक्य आलं तर एकदा थांबून बघा की नवा प्रश्न तर सुरू नाही झाला.

फोनवर बोलून टाईप करणाऱ्यांसाठी एक वेगळं. बोलून घेतलेल्या मजकुरात पूर्णविराम नसतात किंवा भलतीकडे असतात, आणि ‘तर’, ‘मग’, ‘आणि’वर अर्धा परिच्छेद चालतो. ते तिथल्या तिथे दुरुस्त करायला बसू नका, वेळ जातो. आधी सगळं बोलून घ्या, मग प्रत्येक क्रियापदापाशी थांबून पूर्णविराम टाका, मग जी वाक्यं उरली त्यांच्यावर वरच्या दोन तपासण्या चालवा. बोलताना ‘हे’, ‘ते’, ‘तिथलं’ असे शब्द लय येतात, त्या प्रत्येकाच्या जागी एकदा वस्तूचं नाव टाकून बघा.

आणि एवढं करूनही परिच्छेद जुळत नसेल तर शेवटची युक्ती, वहीच्या समासात पेन्सिलने प्रत्येक वाक्यासमोर ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते ते लिहा, नुसतं एका शब्दात: कुठे, का, कधी, किती, मग काय. वरच्या बिघडलेल्या उताऱ्याला हे करून बघा, समासात ‘काय, कुठे, काय, कुठे, काय, काय, कधी, कसं, का’ असं काहीतरी येईल आणि शेवटच्या वाक्यासमोर काहीच लिहिता येणार नाही. दुरुस्त उताऱ्यासमोर जवळजवळ सगळीकडे ‘का’ आणि ‘मग काय’ येते. परीक्षेत एवढा वेळ नसतो हे मान्य, म्हणून तिथे उलटं करायचं, लिहायच्या आधी समासात फक्त एक शब्द पेन्सिलने लिहायचा आणि पेपर देण्याआधी खोडून टाकायचा.